थांब म्हटलं की थांबणं : बालवर्गातल्या नाटक-गाणं-हालचाल प्रकल्पाच्या नोंदी

3 जून

आजपासून वही सुरू. काम असं की 4 ते 5 वर्षांची 19 पोरं, आठवड्यातून दोनदा 40-40 मिनिटं, एकूण बारा आठवडे. गाणं, ताल, हालचाल, नाटक सगळं एकत्रच घेणार, कारण या वयात ते वेगळं काढताच येत नाही, गाणं म्हणताना पोरगं गप बसून राहिलंय असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. मदतीला कीबोर्डवाला दादा आणि वर्गाच्या बाई. बाईंचा अनुभव माझ्या दुप्पट आहे आणि त्यांना हे सगळं म्हणजे अजून एक फॅड वाटतं, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं, बरं झालं, निदान कळलं तरी.

प्रकल्पाच्या अर्जात मी "सर्वांगीण विकास" लिहिलंय. लिहावं लागतं. या वहीत मात्र तो शब्द येणार नाही. पोरानं काय केलं, किती वेळ केलं, कधी सोडलं, एवढंच लिहायचं. नावं लिहिणार नाही, लोकांची पोरं आहेत, म्हणून खुणेची नावं : लाल बूट, दोन वेण्या, खिडकीवाला वगैरे.

6 जून

पहिला तास. फज्जा. मी आठ अ‍ॅक्टिव्हिटी लिहून नेल्या होत्या, त्यातल्या अडीच झाल्या. डफ काढला आणि सगळी डफावर तुटून पडली. लाल बूट खोलीभर गोल गोल पळत राहिला, त्याच्यामागे अजून पाच. खिडकीवाला खिडकीला पाठ लावून बसला तो शेवटपर्यंत उठला नाही. बाई कोपऱ्यात वह्या तपासत होत्या, एकदाच मान वर करून हसल्या.

घरी येऊन यादी फाडली. पुढच्या वेळी एकच खेळ.

10 जून

एकच खेळ : डफ वाजतोय तोवर चालायचं, डफ थांबला की पुतळा. सगळ्यांना माहीत असलेला खेळ, त्यात नवीन काही नाही. पण यावेळी मी पोरांकडे नीट बघितलं आणि लक्षात आलं की पळणं हा यांचा प्रॉब्लेमच नाहीये, थांबणं हा आहे. डफ थांबला हे त्यांना ऐकू येतं, कळतंही, चेहऱ्यावर दिसतं की कळलंय, तरी पाय अजून दोन-तीन पावलं पुढे जातात. मेंदूतला जो भाग "सुरू केलेलं थांबव" म्हणतो तो कपाळामागचा भाग, आणि तो सगळ्यात उशिरा तयार होतो, विशी उलटेपर्यंत त्याचं काम चालूच असतं. म्हणजे चार वर्षांच्या पोराला "नीट बस रे" म्हणून आपण जे मागतो ते त्याच्याकडे अजून पुरतं आलेलंच नसतं. आणि आपण त्यावरून रागावतो.

मानसशास्त्रात याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. सोप्या भाषेत तीन गोष्टी : स्वतःला आवरणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, आणि नियम बदलला की आपणही बदलणं. पुतळ्याच्या खेळात तिन्ही येतात, फक्त कोणी "शिकतोय" असं म्हणत नाही.

आज मोजलं : डफ थांबल्यावर मनातल्या मनात पाच म्हणेपर्यंत 19 पैकी 6 जण स्थिर. लिहून ठेवतेय.

13 जून

ताल. इथे मी एक बावळटपणा केला तो लिहायला हवा. मला वाटलं लहान मुलं, म्हणजे हळू घेतलं की सोपं जाईल. म्हणून फोनवर मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टकटक करणारं अ‍ॅप) लावला, अगदी संथ, आणि म्हणलं याच्याबरोबर टाळ्या वाजवा. सगळी पुढे पळाली. परत लावला, परत पळाली. दादा म्हणाला ताई यांना लय नाहीये अजून. मी पण मान हलवली.

रात्री वाचताना कळलं की उलटं आहे. मोठ्या माणसाला मोकळेपणानं टाळी वाजवायला सांगितली तर साधारण 600 मिलीसेकंदांना एक पडते, म्हणजे मिनिटाला शंभरेक, आणि लहान मुलांची स्वतःची लय यापेक्षा बरीच जलद असते. संथ लय त्यांना अवघड जाते, कारण दोन टाळ्यांच्या मधली मोकळी जागा धरून ठेवावी लागते. म्हणजे परत तेच, थांबणं.

17 जून

मेट्रोनोम बंद. डफ हातात, लय जलद, आणि मी पोरांच्या समोर बसून. दुसऱ्या मिनिटाला बारा-तेरा जण बरोबर पडायला लागले. दादा चकित. 2009 मध्ये किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी अगदी हेच तपासलं होतं, अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना कधी माणसाबरोबर, कधी मशीनबरोबर तर कधी नुसत्या आवाजाबरोबर ड्रम वाजवायला दिला, आणि माणूस समोर असला की मुलांची लय जास्त जुळते असं दिसलं. मशीनची लय परफेक्ट असते, पण तिच्याशी जुळवून घ्यावं असं पोराला वाटायला पाहिजे ना. समोर डोळे आहेत, श्वास आहे, हात वर जातोय तो दिसतोय, म्हणून जुळतं.

(बाजारात जी बटन दाबलं की गाणारी खेळणी मिळतात त्यांच्याबद्दल माझं मत इथे लिहिलं तर पान संपेल.)

गाण्याची पट्टीही बदलली. दादा आपल्या गळ्याच्या सोयीनं खाली लावत होता, मग पोरं एक तर पुटपुटायची नाहीतर ओरडायची. पांढरी दोनचा (पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरला आणि गाणं मधल्या सप्तकात सा ते प एवढ्यातच ठेवलं, तर ओरडणं निम्म्यावर. पोरांना गाता येत नाही म्हणतो तेव्हा बरेचदा आपणच चुकीच्या उंचीवर फळी लावलेली असते.

24 जून

आजचा तास मस्त, आणि त्याचं श्रेय बाईंना, म्हणजे बाईंशी झालेल्या भांडणाला. प्राण्यांच्या नावांवर टाळ्या : नावाचे जितके तुकडे तोंडात पडतात तितक्या टाळ्या. हत्-ती दोन. पाण-घो-डा तीन. मग आलं "बदक". पोरांनी वाजवल्या दोन : ब-दक. बाई तिकडून म्हणाल्या तीन, ब-द-क, अक्षरं तीन आहेत. मी म्हणलं बाई तोंडानं दोनच होतात, म्हणून बघा. त्यांनी म्हणून बघितलं. परत बघितलं. मग "कासव" म्हणून बघितलं, का-सव. "वाघ" तर एकच टाळी. बाई गप्प झाल्या आणि मग स्वतःच पुढे येऊन बसल्या, प्रकल्प सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

गंमत पुढे आहे. ज्या चार पोरांना घरी अक्षरं गिरवायला लावलीयेत त्यांनी "वाघ"ला दोन टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी एक. म्हणजे अक्षरं शिकलेली पोरं डोळ्यांपुढचा कागद मोजत होती आणि न शिकलेली कानात पडलेला आवाज मोजत होती. वाचायला शिकताना दोन्ही लागतं, पण कान आधी तयार असला तर अक्षराला कुठे बसायचं ते कळतं. ब्रॅडली आणि ब्रायंट यांचा 1983 चा अभ्यास आहे, चार-पाच वर्षांच्या साधारण 400 मुलांचा, तीन-चार शब्दांत न जुळणारा शब्द कोणता हे ज्यांना आधी ओळखता येत होतं ती मुलं पुढे वाचनात सरस ठरली. आम्ही लगेच खेळलो : वाट, लाट, माती, खाट. "माती" सगळ्यांना सापडली. दोन वेण्या म्हणाली "माती मैत्रीण नाहीये त्यांची". हे मला कधीच सुचलं नसतं.

1 जुलै

वाईट दिवस. दादाला उत्साह आला, त्यानं झांजा आणल्या, मी डफ, आणि खोली लहान, वर पत्रा. आवाज एवढा घुमला की एक मुलगी कानावर हात ठेवून रडायला लागली, तिचं बघून दुसरी, मग चौघंजण, मिनिटभरात अर्धा वर्ग रडतोय आणि मी मधे उभी. ज्या पोरांना काही झालं नव्हतं तीही रडत होती. त्या वयात दुसऱ्याचं दुःख आणि आपलं दुःख यांच्यातली भिंत अजून पातळ असते, समोरचा रडला की ते पटकन आत येतं.

चूक माझी. आवाजाचा विचार आधी करायला हवा होता. डफावर जाड कापड बांधलं, झांजा बंद. आणि पुढच्या तासापासून "आवाजाचा मालक" : एक पोर हात वर-खाली करणार, हात वर तर मोठा, खाली तर बारीक, मूठ मिटली की बंद. पहिली मालक कोण असणार ते ठरलेलंच आहे.

4 जुलै

कानावर हात ठेवणारी आज मालक होती. तिनं सलग तीन मिनिटं सगळ्यांना बारीक आवाजात ठेवलं. मग एकदम हात वर नेला, पूर्ण वर, स्वतः दचकली, आणि हसली. बास, एवढंच लिहायचं होतं.

11 जुलै

नाटकाकडे वळलो. खिडकीवाला अजून खिडकीतच. महिना झाला. त्याची आई दारात भेटली, म्हणाली घरी सगळी गाणी म्हणतो, तुमच्यासारखा डफ पण वाजवतो डब्यावर, आणि तुमची नक्कल करतो, "थांब रे लाल बूट" असं. म्हणजे भाग घेत नाही असं मी वहीत चार वेळा लिहिलंय ते चूक आहे. तो घेतोय, इथे दिसत नाही एवढंच. मागची पानं खोडली नाहीत, तशीच ठेवली, समजलं पाहिजे मला.

आजचा खेळ : राजवाड्याचे पहारेकरी. एक एक जण दारात उभा राहणार, बाकीचे समोरून जाणार, हसवायचा प्रयत्न करणार, पहारेकऱ्यानं हलायचं नाही. लाल बूट, जो पुतळ्याच्या खेळात कधीच थांबत नाही, तो पहारेकरी झाला तेव्हा पूर्ण दोन मिनिटं हलला नाही. छाती पुढे, ओठ घट्ट. दादानं नाक ओढून दाखवलं तरी नाही. मी खेळ थांबवला तेव्हा म्हणाला "अजून राजा झोपलेला आहे".

मानुइलेंको नावाच्या संशोधिकेनं 1948 मध्ये हेच करून बघितलं होतं. मुलांना नुसतं "हलू नकोस, उभा राहा" सांगितलं तर ती थोडाच वेळ राहतात, पण पहारेकरी म्हणून खेळात उभी केली तर बराच जास्त वेळ. ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्कीच्या परंपरेतली. व्हिगोत्स्की 1933 च्या एका व्याख्यानात म्हणाला होता की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. मी हे वाक्य डीएडच्या वेळी पाठ केलं होतं परीक्षेपुरतं. आज त्या दोन मिनिटांत कळलं ते काय आहे. लाल बूट स्वतः थांबू शकत नाही, पण पहारेकरी थांबू शकतो, आणि पहारेकऱ्याचे पाय तर लाल बूटचेच आहेत ना.

नवीन काळातलं पण आहे. 2017 मध्ये 4 आणि 6 वर्षांच्या 180 मुलांना दहा मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं, बाजूला टॅबलेटवर गेम ठेवला, पाहिजे तेव्हा जा म्हणून. काहींना सांगितलं की मनात विचारा "मी मेहनत करतोय का", काहींना स्वतःचं नाव घेऊन विचारायला, आणि काहींना बॅटमनसारखं कोणीतरी बनून विचारायला. सगळ्यात जास्त टिकली ती बॅटमन बनलेली. दुसऱ्याच्या कातडीत शिरलं की स्वतःकडे जरा लांबून बघता येतं, नाटकवाल्यांना हे नवीन नाही.

18 जुलै

मागच्या तासाचं लिहिलं नव्हतं, सर्दी.

आज फक्त मूकाभिनय : अदृश्य जड पेटी चौघांनी उचलायची. उचलताना वाकायचं एकत्र, नाहीतर पेटी "पडते". तीन वेळा पडली. चौथ्यांदा कोणी न सांगता चौघांनी एकमेकांकडे बघून श्वास घेतला आणि मग वाकले.

25 जुलै

मुलांच्या गोष्टी. पद्धत व्हिव्हियन पेली या बालवर्गाच्या शिक्षिकेची, ती शिकागोच्या लॅब स्कूलमध्ये वर्षानुवर्षं हे करायची : मूल गोष्ट सांगतं, आपण जशीच्या तशी लिहायची, सुधारायची नाही, आणि त्याच दिवशी वर्गानं ती करून दाखवायची, सांगणारा आपली भूमिका आपण निवडतो. ऐकायला फार साधं. करायला गेलं तर सगळ्यात अवघड "सुधारायची नाही" हेच. दोन वेण्यानं सांगितलं : "एक हत्ती होता. तो गेला. मग तो गेला. मग त्याला आई नव्हती. मग आई होती." माझं पेन थांबलं, हात शिवशिवत होते व्याकरणाला. तसंच लिहिलं. केलं तेव्हा हत्ती गेला, परत गेला, आई नव्हती तेव्हा सगळ्या खोलीत शांतता, आणि मग आई होती तेव्हा तिघीजणी आई व्हायला धावल्या.

पुढच्या गोष्टींमध्ये मला फरक दिसायला लागला. करून दाखवताना पोरांना कळतं की कुठे अडतंय. "तो गेला" म्हणलं तर हत्ती झालेला विचारतो कुठे जाऊ? मग सांगणारा पुढच्या वेळी ते आधीच घालतो. म्हणजे लिहिणाऱ्याला वाचक असतो ना डोक्यात, तो इथे चार वर्षांचा हत्ती बनून समोर उभा राहतो. मी शब्द मोजले : लाल बूटची पहिली गोष्ट 9 शब्दांची, तिसरी 41. त्यात "कारण" दोनदा.

आणि खिडकीवाल्यानं गोष्ट सांगितली. मला नाही, बाईंना, कानात. बाईंनी लिहून घेतली. त्यात त्यानं स्वतःसाठी निवडलेली भूमिका : खिडकी. हसू येईल पण तो उभा राहिला खिडकी होऊन, हात पसरून, आणि पोरं त्याच्यातून बाहेर बघून गेली.

1 ऑगस्ट

पालकांची मीटिंग. अपेक्षित प्रश्न आला : यानं गणित सुधारतं ना? बुद्ध्यांक वाढतो ना? एका बाबांनी मोझार्ट काढला, त्याचं संगीत ऐकवलं की बाळं हुशार होतात म्हणतात ते. मी म्हणलं खरं ते सांगते.

मोझार्टचं प्रकरण 1993 चं. नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा पेपर आला, 36 कॉलेजचे विद्यार्थी, दहा मिनिटं संगीत ऐकवलं आणि आकृत्यांच्या कोड्यांत थोडा फायदा दिसला, तोही दहा-पंधरा मिनिटं टिकला. कॉलेजची पोरं, बाळं नाहीत, आणि ऐकणं, शिकणं नाही. त्यावरून 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला सीडी द्यायला 1,05,000 डॉलर मागितले होते. पालक हसले.

मग त्यातल्या त्यात चांगला अभ्यास सांगितला. शेलेनबर्ग नावाच्या संशोधकाचा, 2004 चा, सहा वर्षांची 144 मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट : कीबोर्ड, गाणं, नाटक, आणि काहीच नाही. वर्षभरानं संगीतवाल्यांचा बुद्ध्यांक सरासरी 7 नं वाढला, बाकीच्यांचा 4.3 नं, कारण शाळेत जायला लागलं की सगळ्यांचाच थोडा वाढतो. फरक तीन गुणांच्याही आतला. तो पुढे सगळीकडे सापडला असंही नाही : 2013 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी चार वर्षांच्या मुलांवर संगीताचे सहा आठवड्यांचे वर्ग घेऊन दोनदा तपासलं, पक्कं काही हाती लागलं नाही. पण 2004 च्या त्याच अभ्यासातली एक गोष्ट लोक सांगतच नाहीत, नाटकवाल्या गटाचं इतरांशी वागणं सुधारलं होतं, जे संगीतवाल्यांत दिसलं नाही.

एक आई म्हणाल्या, मग गणितासाठी नाही तर कशासाठी पाठवायचं? मी चटकन म्हणलं, गणितासाठी गणित शिकवा ना. जरा उद्धट झालं. नंतर जाऊन बोलले त्यांच्याशी. त्यांना सांगितलं की संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 आहे, त्यात खेळणं आणि कलांमध्ये भाग घेणं हा मुलाचा हक्क म्हणलंय, पुढे "जेणेकरून गणित सुधारेल" असं काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या तुम्हाला वादात हरवणं अवघड आहे. मला ते कौतुक वाटलं नाही.

8 ऑगस्ट

पुतळ्याच्या खेळात एकजण आपटला, कोपर खरचटलं, जोरात रडला. मी बघत राहिले बाकीच्यांकडे. 1 जुलैसारखं झालं नाही. दोघी जवळ बसल्या, लाल बूटनं "पाणी" म्हणून बाटली आणली (स्वतःची), बाकीचे उभे होते, तोंडं उतरलेली पण रडलं कोणी नाही.

चार वर्षांच्या 97 मुलांवरचा 2018 चा एक अभ्यास आहे, गोल्डस्टीन आणि लर्नरचा : आठ आठवडे काहींना नाटकाचे खेळ, काहींना ठोकळे, काहींना गोष्टी वाचून दाखवणं. नाटकवाली मुलं दुसऱ्याचं दुःख बघून कमी कोलमडत होती. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं वगैरे मात्र वाढलं नव्हतं. म्हणजे "नाटकानं सहानुभूती वाढते" असं जे आपण सरसकट छापतो तेवढं साधं ते नाही. पण रडणाऱ्याला मदत करायची तर आधी आपण रडण्यातून बाहेर असावं लागतं, हे मला आज त्या बाटलीत दिसलं. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, माहितीये.

14 ऑगस्ट

वार्षिक कार्यक्रम. वरून निरोप : तुमच्या प्रकल्पातली पोरं आहेतच, तर एक डान्स बसवा, रेकॉर्डेड गाण्यावर, चार मिनिटांचा, कपडे ठरलेत. मी नाही म्हणलं नाही. इथे माझीच चूक सुरू झाली.

19 ऑगस्ट

तीन तास डान्सची प्रॅक्टिस. रांगा, खुणेचे स्टिकर जमिनीवर, समोर मी स्टेप करतेय आणि 19 जण माझ्याकडे बघून अर्धा सेकंद उशिरा तेच करतायत. गाणं कोणी ऐकतच नाही. बंद केलं तरी पोरं माझ्याकडे बघून चालूच, दोन महिने ज्या कानावर काम केलं तो कान बंद आणि फक्त डोळे चालू. खिडकीवाला मागच्या रांगेत, कारण "तिकडे दिसणार नाही", हे मी बोलले, मीच. दोन वेण्यानं विचारलं "मी आज काय आहे?" म्हणजे भूमिका काय. मी म्हणलं काही नाही, नुसता डान्स. तिचा चेहरा.

आणि आज ओरडले मी. लाल बूट स्टिकरवरून हलला म्हणून. तो पहारेकरी झाला असता तर हलला नसता, हे मला माहीत होतं आणि तरी ओरडले, कारण चार मिनिटं भरायची होती.

21 ऑगस्ट

बाईंना सांगितलं की मला हे जमत नाहीये. मला वाटलं त्या म्हणतील सांगितलं होतं ना. त्या म्हणाल्या "मग पालकांनाच आत बोलवा की, स्टेज कशाला पाहिजे." आणि स्वतः जाऊन वर बोलून आल्या. काय बोलल्या ते सांगितलं नाही. डान्स रद्द, त्याऐवजी उघडा तास, पालक गोलात पोरांबरोबर.

स्टेजच वाईट असं माझं म्हणणं नाही. सात-आठ वर्षांपुढे पोरांना दाखवायची हौस असते, त्यातून शिकतातही. पण चार वर्षांचं मूल प्रेक्षकांसाठी नाटक करत नाही, ते नाटकात राहतं. त्याला बाहेर काढून रांगेत उभं केलं की उरतात ते फक्त कपडे.

26 ऑगस्ट

मोजणी. पुतळ्याचा खेळ, जूनसारखाच, पाच म्हणेपर्यंत स्थिर : 19 पैकी 15. जूनमध्ये 6 होते. मी खूश. दादानं फोटो काढला फळ्याचा.

मग बाई म्हणाल्या, हा खेळ त्यांना आता पाठ आहे हो. बरोबर आहे. म्हणून नियम उलटा केला : डफ वाजला की थांबायचं, शांत झाला की चालायचं. (अशीच एक खरी चाचणी आहे, "डोक्याला हात लाव" म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा, आवर किती आहे ते त्यावरून बघतात.) पहिल्या खेपेला 15 चे 8 झाले. चौथ्या खेपेपर्यंत 12. आता यातलं आमच्या तासांमुळे किती आणि पोरं तीन महिन्यांनी मोठी झाली म्हणून किती हे मला सांगता येणार नाही, कारण शेजारच्या वर्गाला मी जूनमध्ये मोजलंच नाही. साधी गोष्ट होती, दहा मिनिटांचं काम. नाही सुचलं. अहवालात 6 वरून 15 लिहिलं तर छान दिसेल. 8 पण लिहिणार आहे.

29 ऑगस्ट

उघडा तास. 19 पोरं, तेवीस-चोवीस मोठी माणसं, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, डफाला कापड डबल. पुतळा खेळलो. डफ थांबला, पोरं थांबली, पालक नाही थांबले, दोन-तीन पावलं पुढे गेलेच सगळे, मग हसले, मग बोलायला लागले, एकाचा फोन वाजला. पोरं पुतळ्यासारखी उभी राहून आपल्याच आईबाबांकडे बघत होती. लाल बूटनं ओठ न हलवता म्हणलं "बाबा, राजा झोपलाय".

खिडकीवाला गोलात नव्हता. तो बाईंच्या शेजारी उभा राहून आवाजाचा मालक झाला होता. हात वर, हात खाली. त्याच्या आईला वाटलं तो बोलेल आज. नाही बोलला. मूठ मिटली की चाळीस माणसं गप्प होत होती, त्याला बोलायची गरज नव्हती.

2 सप्टेंबर

आवरायचं. अहवाल अर्धा झालाय. डफ सैल पडलाय, ताणून घ्यायचा. मुलांच्या गोष्टींची वही बाईंकडे ठेवली, त्या म्हणाल्या शुक्रवारी मीच घेईन गोष्ट, तुम्ही आला नाहीत तरी. पुढच्या बॅचला पहिल्याच दिवशी मोजायचं, सरळ नियम आणि उलटा नियम दोन्ही, आणि त्याच दिवशी शेजारच्या वर्गातही. दादाला पांढरी दोन लक्षात ठेवायला सांगितलंय, कीबोर्डवर स्टिकर लावलाय, डान्सच्या वेळी उरलेल्यातलाच.